पंचमीचं बोलावणं

हुबळीजवळच्या नवनगरात येऊन तुम्ही 'श्यामला महिंद्रकरांचं घर कुठं?' असं विचारलंत, तर कुणाला सांगता यायचं नाही. 'खासदार अक्का' म्हणा, रिक्षावाला थेट तिच्या फाटकाशी आणून सोडेल. खासदारकी संपून बरीच वर्षं झाली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. मी तिची शेजारीण, सीता. शाळेत मास्तरीण होते, आता निवृत्त आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघायला मला भरपूर वेळ असतो.

अक्काच्या वडिलांचं हुबळीत, दुर्गदबैल पेठेत कापडाचं दुकान होतं. दुकान पुढे, घर मागे. त्या घरातली मुलगी वकील झाली तेव्हा गिऱ्हाइकं वडिलांना विचारायची, 'शेटजी, आता हिला करून कोण घेणार?' आणि खरंच कुणी करून घेतली नाही. फौजदारी खटले चालवणारी ती तेव्हा एकटीच बाई. वकिलांच्या खोलीत शिरली की गप्पा थांबायच्या, म्हणून ती डबा बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर उघडायची. हे ती हसत सांगते. मला ऐकताना कधी हसू आलं नाही.

तिच्या सुरुवातीच्या अशिलांत रुक्मिणी नावाची एक बाई होती. तिच्या भावांनी तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. म्हणजे बापाच्या इस्टेटीतला माझा वाटा मी भावांना सोडला, असं बहिणीने लिहून द्यायचं. आमच्याकडे बायका ते मुकाट्याने देतात, आणि मग दरवर्षी नागपंचमीला माहेरचं बोलावणं येतं, एक साडी मिळते. पुढे नवऱ्याने टाकल्यावर रुक्मिणीने दावा लावला. अक्का तो हरली. कागदावर 'राजीखुशीने' असं लिहिलेलं, खाली अंगठा रुक्मिणीचाच.

"पण तिला विचारलं कुणी?" अक्का अजूनही उसळते. "भाऊ चहूबाजूंनी उभे. त्यांच्या देखत ती नाही म्हणेल?"

तेव्हापासून तिने एकच धोशा लावला. सही करणाऱ्या बाईला एकटीला विचारा, नातेवाइकांना बाहेर काढा. दिल्लीत राज्यसभेवर गेली तेव्हा मुलींच्या समान वाट्याच्या कायद्यावर बोलताना तिने हेही मांडलं. कायदा झाला, तिची सूचना राहून गेली. अक्का गप्प बसणारी नव्हे. परत आल्यावर इथल्या नोंदणी कचेरीत खेटे घालून घालून तिने ती पद्धत बसवली. साहेब बदलत गेले, पद्धत टिकली.

मी स्वतः माझ्या भावाला, बाबाजीला, केव्हाच सही देऊन मोकळी झालेय. अक्काला कळलं तेव्हा ती माझ्यावर जी उखडली! "तूसुद्धा, मास्तरीण असून?" मी म्हटलं, "अक्का, तुला दिल्ली आहे. मला माहेरचं हल्याळ तेवढं आहे." त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याकडे कढीपत्तासुद्धा मागायला आली नाही.

खरं तर पंचमीचं वेड माझ्यापेक्षा तिलाच जास्त. दिल्लीत असतानासुद्धा तिने पंचमी चुकवली नाही. सकाळी भाऊ गोविंद स्कूटरवरून न्यायला यायचा. अक्का शेंगांच्या उंड्या, दाण्यागुळाचे लाडूच ते, वळून डबा भरून तयार. दुर्गदबैलातल्या घराच्या तुळईला जोकाली, म्हणजे झोपाळा, बांधलेला असे. सत्तरी ओलांडलेली बाई त्यावर बसून भाचरांकडून झोके काढून घ्यायची आणि संध्याकाळी नवी साडी मला दाखवायला यायची. गोविंद गेल्यावर त्याचा मुलगा प्रसाद गाडी घेऊन येऊ लागला.

यंदा आषाढातच प्रसाद आला, बायकोला घेऊन. त्याची बायको सोनाली अक्काच्या पाया पडली. मी तिथंच बसले होते.

"आत्या, दुकान पाडून तीन मजली बांधायचं म्हणतोय. बँकवाले तुझं हक्कसोडपत्र पायजे म्हणतात. दुकान अजून आजोबांच्या नावावर हाय नव्हं."

अक्काने सोनालीपुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"तू काय येऊन गल्ल्यावर बसतीस काय, आत्या? इरली, राहू दे, घाई नाही. पंचमीच्या आत झालं की बरं."

पोरगा वाईट नाही. पण 'पंचमीच्या आत' हे तो ज्या सहजपणे बोलून गेला, ते मला सुरीसारखं लागलं. अक्कालाही लागलं असणार.

काही दिवसांनी ती माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली, "सीता, साक्षीला येशील?"

"सही करणार? तू?"

"वाढदिवसाला वकील मंडळी येतात, हार घालतात, फोटो काढून जातात. आत्या म्हणणारं तेवढं एकच घर आहे. ते गेलं तर मग माझ्याकडे कोण येणार गं?" तिचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. एरवी मी तिला चांगली चिडवली असती. मी नुसतं 'येते' म्हटलं.

नोंदणी कचेरीत अधिकारी म्हणून उत्तरा नावाची तरुण मुलगी होती, नव्यानेच बदलून आलेली. समोरची म्हातारी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने कागद पाहिले आणि प्रसाद-सोनालीला दाराकडे बोट दाखवलं. "नातेवाइकांनी बाहेर थांबा. साक्षीदार राहू देत." मग खुर्ची पुढे ओढून अक्काला हळू विचारलं, "यारर ओत्ताय माड्यारेन्री, अक्कार?" कुणी जबरदस्ती केलीय का, अक्का?

अक्काने नाही अशी मान हलवली.

"आमच्याकडे विचारायची पद्धत आहे," मुलगी समजुतीने म्हणाली. "राजीखुशीने देताय ना?"

अक्काच्या हातात पेन होतं. ती त्या मुलीकडे बघत राहिली. हा प्रश्न विचारला जावा म्हणून जिने उभी हयात घालवली, तिला तो पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. हो म्हटलं असतं तर काम दोन मिनिटांत झालं असतं. मला मनातून वाटत होतं, म्हण बाई हो, आणि चल घरी.

"नाही," अक्का म्हणाली. "भीतीने देतेय. एकटी पडेन म्हणून."

"मग नका करू सही," मुलगी म्हणाली आणि कागद बाजूला ठेवले.

आम्ही गाडीतून परत निघालो. नवनगरच्या वळणावर प्रसाद म्हणाला, "आत्या, हे घरीच सांगायचं होतंस की."

"घरी तुम्ही सही मागितलीत रे. विचारलं तिथं." मग ती अजिजीने म्हणाली, "प्रसाद, मी दावा लावणार नाही. दुकान तू चालव, जन्मभर चालव. फक्त सोडलं असं लिहून द्यायला सांगू नकोस."

"बँकेला ते चालत नाही, आत्या."

त्याचंही खोटं नव्हतं. आम्हाला सोडून गाडी वळली. सोनाली खाली उतरली नाही.

पंचमीच्या सकाळी बाबाजी मला न्यायला हल्याळहून आला. निघताना पाहिलं तर अक्काने अंगण धुऊन नागाची रांगोळी काढलेली. अंगावर हिरवं रेशमी लुगडं, मांडीवर उंड्यांचा डबा. फाटकाची कडी काढून ठेवली होती.

"अक्का, चल माझ्याबरोबर."

"तुझ्या माहेरी मी काय करू? जा तू, बाबाजी ताटकळलाय." मी वळले तशी ती मागून म्हणाली, "सीता, मला पश्चात्ताप नाही हं. वाईट वाटतं, ते वेगळं."

हल्याळला जेवणं झाली. भावजयीने साडी दिली, मी कपाळाला लावून घेतली, आणि सगळा वेळ मला ते उघडं फाटक दिसत होतं.

संध्याकाळी परत आले. अक्का त्याच खुर्चीत, त्याच लुगड्यात. रांगोळी सकाळी होती तशीच, कुणाचं पाऊल न पडलेली.

"साडी बघू," ती म्हणाली.

मी लपवणार होते, पण तिने हात पुढे केला. कापडवाल्याची मुलगी ती, पदर चिमटीत धरून बघितला. "सूत चांगलं आहे," म्हणाली. मग डबा उघडून माझ्यापुढे धरला. "घे. सोनालीच्या पोरीला फार आवडतात, म्हणून शेंगांच्याच जास्त केल्या होत्या."

मी एक उंडी उचलली. अक्काने डबा झाकला, थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसली. मग उठली आणि फाटकाची कडी लावून आली.