सहाशे यार्डांचा तक्ता

आमच्या ह्यांचा कागदावर जेवढा विश्वास होता, तेवढा माणसावर कधी नव्हता. बायकोवर तर नव्हताच. आता हे बोलायला मला कुणाची भीती नाही.

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी ह्यांची कलकत्त्याला बदली झाली. हे मोजणी खात्यात अधिकारी. बागबाजारात घर मिळालं. कचेरीतल्या लोकांचा एक रायफल क्लब होता, आणि त्या दिवसांत बायकांनाही बंदूक शिकवायचं वारं होतं, म्हणून रविवारी मीही ह्यांच्याबरोबर जाऊ लागले. ह्यांची गोळी लक्ष्य सोडून गावभर हिंडायची. माझी बसायची. निघाले की शेजारच्या बायका खिडकीतून "बर्गी चालली, बर्गी!" म्हणून चिडवायच्या. बर्गी म्हणजे मराठा घोडेस्वार. त्यांच्या भीतीनं पूर्वी इथेच खंदक खणला होता म्हणे. खरं सांगते, मला ते चिडवणं फार आवडायचं. घरात एरवी मला कोण घाबरत होतं?

अखिल भारतीय स्पर्धेला बंगालचा संघ जायचा होता आणि त्यात एकच जागा उरली होती. सहाशे यार्डांवर दहा गोळ्या मारायच्या, त्यावर निवड. मला ती जागा हवी होती. लग्नानंतर मी स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट.

एवढ्या लांबवर गोळी सरळ जात नाही, जाता जाता खाली पडत जाते. किती पडेल ते आधी ओळखायचं आणि रायफलीच्या मागच्या साइटचा स्क्रू एकेक टिचकी फिरवून नेम तेवढा वर घ्यायचा. हे 'किती' ह्यांनी गणितानं काढलं आणि त्याचा तक्ता केला. शनिवारी दुपारी कचेरीतल्या हँडलच्या हिशेबयंत्रावर घरर घरर आकडे फिरवायचे आणि रविवारी सकाळी डमडमच्या पलीकडच्या मैदानावर मी मारलेल्या गोळ्यांची भोकं पट्टीनं मोजून ताडून बघायचे. जुळलं नाही की पुढच्या शनिवारी पुन्हा यंत्र. पौष संपेपर्यंत तक्ता असा जुळला की बोटभर फरक नाही. खोटं कशाला बोलू, मलाही ह्यांचा अभिमान वाटला होता.

चैत्रात ऊन तापलं आणि माझ्या गोळ्या वर लागू लागल्या. थोड्याशाच, पण सगळ्या वर.

मी म्हटलं, "अहो, हे थंडीतलं गणित आहे. खोबरेल तेल थंडीत गोठतं, आता बघा कसं पाण्यासारखं पळतंय. काडतुसातली दारू काय तशीच राहणार?"

"अगं, गणिताला ऋतू नसतो," हे म्हणाले. "तू चाप ओढताना झटका देतेस."

झटका! डोंबलाचा झटका.

निवड वैशाखात, भर दुपारी. काडतुसांच्या पेट्या तासभर उन्हात पडलेल्या, हात लावला तर चटका बसत होता. हे माझ्या मागे दुर्बीण घेऊन बसले. नेम तपासायला आधी दोन गोळ्या मिळतात, त्या मोजत नाहीत. पहिली लक्ष्याच्या मधल्या काळ्या वर्तुळाच्या वर, चांगली वीतभर. मी स्क्रूला हात लावला तसे हे मागून म्हणाले, "हात काढ. श्वास धरला नाहीस तू." दुसरी त्याच जागी. "तक्त्याप्रमाणेच मार," हे म्हणाले.

आणि मी मारल्या. मोजायच्या पहिल्या पाच गोळ्या तक्त्याप्रमाणे मारल्या, आणि पाचही वीतभर वर. दर वेळी लक्ष्याखालच्या खंदकात बसलेला माणूस गोळी कुठे लागली ते काठीवरची चकती वर करून दाखवत होता, आणि मला ते समोर दिसत होतं. ह्यांना दोष देऊन मोकळं होता आलं असतं, पण स्क्रू माझ्या हातात होता. तो फिरवला आणि तरी चुकले, तर जन्मभर ऐकावं लागेल, या भीतीनं मी गप्प राहिले. त्या भित्रेपणाचा मला आजही राग येतो.

सहाव्या गोळीच्या आधी मात्र डोकं फिरलं. ह्यांचे डोळे दुर्बिणीला होते. मी तीन टिचक्या खाली घेतल्या. उरलेल्या पाचही काळ्याच्या मधोमध बसल्या.

दोन गुणांनी जागा गेली. परतताना ट्रकमध्ये हे म्हणाले, "शेवटी हात बसला बघ तुझा. आधीच बसला असता तर!" मला रडू आलं. ते हरल्याचं रडू आहे असं ह्यांना वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी चहा घेता घेता ह्यांनी आपली वही मला कौतुकानं वाचून दाखवली. पहिल्या पाच गोळ्या : नेमबाजाचा दोष. पुढच्या पाच : तक्त्याशी तंतोतंत. "म्हणजे उन्हाळ्यातही तक्ता खरा ठरला," हे म्हणाले. "क्लबात लावायला देतो."

मग मला राहवेना. "अहो, त्या पाच गोळ्यांना मी साइट खाली घेतली होती. तीन टिचक्या. तुमचा तक्ता मोडला म्हणून त्या लागल्या."

ह्यांनी वही पुन्हा जवळ ओढली. मला वाटलं, आता म्हणतील, चुकलो गं. निदान रागावतील तरी.

"मग त्या धरता येणार नाहीत," हे म्हणाले. पट्टी घेतली आणि शेवटच्या पाच आकड्यांवर लाल पेन्सिलीनं सरळ रेघ मारली. पहिल्या पाचांना हात लावला नाही.

तक्ता क्लबाच्या भिंतीवर लागला. खाली ह्यांच्या सुबक अक्षरात टीप होती : वैशाखात तपासलेल्या पाच गोळ्या वर लागल्या, कारण नेमबाजाचा झटका. मी ती उभ्या उभ्या वाचली, आणि त्याच दिवशी माझ्याकडची रायफल क्लबाला परत केली.