अक्काचा आलेख

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, आमच्या अक्कामुळे. तिला लहानपणापासून मिरगी होती. तिनं चौथीत शाळा सोडली, झरीच्या शिवारात कापूस वेचला आणि मला परभणीत बी.ए. केलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी.

विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी, दूर दक्षिणेतल्या एका दवाखान्यात तिच्या मेंदूचं ऑपरेशन झालं. पुढं वर्षभर एकही झटका आला नाही. मग मी तिला पुन्हा तपासणीला नेलं. डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या लहरींचा आलेख काढतात आणि झटके परत येतील का, याचा अंदाज बांधतात. बजावूनही अक्का डोक्याला तेल चोपडून आली होती. दोनदा केस धुवावे लागले.

"मोठ्या डाक्टरकडं काय कोरड्या डोक्यानं जावं?" ती कुरकुरली.

रिपोर्ट पोस्टानं आला. इंग्रजीत होता, म्हणजे घरात वाचणारा मी एकटाच. लहरींमध्ये अजून टोकं दिसतात, असं त्यात लिहिलं होतं. झटका येईलच असं नाही, पण धोका बराच आहे. गोळ्या चालू ठेवा, विस्तवापासून आणि विहिरीपासून जपा.

त्याच आठवड्यात सेलूचे पाहुणे माझं लग्न ठरवायला येणार होते. बहिणीला मिरगी होती, आता गेली, असं मी त्यांना आधीच सांगून बसलो होतो. घरचे सगळे माझ्याभोवती बसले. कागदावरची नजर न हलवता मी म्हणालो, "आलेख साफ आहे."

"म्हंजी मी बरी झाले?"

"हो."

"मंग आता मला चुलीपाशी बसू द्या. लय वर्सं तुमच्या कच्च्या भाकरी खाल्ल्या!"

सगळे हसले. मीही हसलो. तिनं गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली, "दे कुन्या गरजवंताला." मी ती घेतली.

पाहुण्यांनी तिच्या हातच्या भाकरीची तारीफ केली. लग्न ठरलं. बाराव्या दिवशी भाकरी थापताना तिला झटका आला आणि उजवा हात तापल्या तव्यावर पडला.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा हाताला पट्ट्या होत्या. मला पाहून तीच म्हणाली, "तू कशाला तोंड पाडायलास? मशीन चुकली, तू काय करणार?"

गोळ्या पुन्हा सुरू करून दिल्या आणि नोकरीच्या गावी परतलो. माझी पत्रं तिला शेजारचे मास्तर वाचून दाखवत. हे पत्र तिचं तिला वाचता यावं म्हणून मी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं.

"अक्का,

मशीन बरोबर होती. धोका आहे असं कागदावर लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि माझं लग्न मोडू नये म्हणून तुला खोटं सांगितलं. तुझी डबी माझ्याच पेटीत पडून होती. सेलूलाही मी खरं कळवलं आहे. गोळ्या चुकवू नकोस. यापुढं डॉक्टरचा कागद आला तर माझ्याकडं देऊ नकोस, दुसऱ्या कुणाकडून वाचून घे.

तुझा धाकटा"