किल्लीसाठी सामान्य ज्ञान

आमच्या सासऱ्यांना देवानं जीभ दिली ती दुसऱ्याला प्रश्न विचारायलाच. लातुरात मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले, पण शाळा काही सुटली नाही. ती रविवारी जेवणं झाली की आमच्या हॉलमध्ये भरायची. सगळ्यांनी गोल बसायचं, एकानं दुसऱ्याला सामान्य ज्ञानाचा प्रश्न विचारायचा, चुकला त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा. खेळ म्हणायचे ह्याला. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मला विचारलं, हिमोग्लोबिनमध्ये कोणता धातू असतो. मी बीएस्सी झालेली. पण डोक्यावरचा पदर सांभाळता सांभाळता तोंडातून शब्दच फुटेना. मामा, म्हणजे सासरे, माझ्या नवऱ्याकडं बघून म्हणाले, "मुदखेडला माणसं गाडी बदलायला उतरतात. अक्कल घ्यायला कुणी उतरत नाही."

माझं माहेर मुदखेडचं. सगळे हसले, नवराही हसला. मी चहा टाकायला उठले. साखरेऐवजी मीठ टाकावं असं लई वाटलं.

ह्या घरात सून आली की तिचे दागिने आणि तिची कागदपत्रं मामांच्या लोखंडी कपाटात जातात. सांभाळायला म्हणून. माझी डिग्री, मार्कमेमो, टीसी, सगळं त्या कपाटात आणि किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. यंदा सरकारी भरती निघाली. वयाच्या अटीत बसायचं माझं हे शेवटचं वर्ष. फॉर्म भरायला मूळ कागद लागत होते. मागितले तर मामा मिशीत हसले.

"मला खेळात हरव. किल्ली घेऊन जा."

मग मी पेटले. सकाळचा पेपर त्यांच्या हातात जायच्या आधी दारातच उभ्यानं वाचायला लागले. त्यांचे निम्मे प्रश्न त्याच दिवशीच्या पेपरातले असायचे आणि आव असा की जन्मापासून ठाऊक आहे. एक उत्तर पाठ केलं की त्याचे शेजारीपाजारीही धरायचे, हे मी आपलं आपण शिकले. ह्या रविवारी मांजरा नदी विचारली की पुढच्या रविवारी तेरणा येणारच. भाकरी थापताना राजधान्या म्हणायची. वागाडुगू म्हणताना एक भाकरी करपली, सासूबाई ओरडल्या. करपलेली भाकरी मीच खाल्ली, पण बुर्किना फासोची राजधानी मला आजही विचारा. आणि माहीत असणं वेगळं, चारचौघांत तोंड उघडणं वेगळं. त्यासाठी भांडी घासताना मोठ्यानं उत्तरं द्यायला लागले. शेजारीण म्हणाली, येड लागलं काय हिला.

लागू दे. मी जिंकायला लागले. आधी नवऱ्याला हरवलं, तो मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. मग मामांनाही हरवलं. पहिल्यांदा म्हणाले तुक्का लागला, दुसऱ्यांदा म्हणाले प्रश्नच सोपा होता. चहा तेव्हाही मीच करायचा, जिंकणाऱ्याच्या हातचा गोड लागतो म्हणे. फॉर्मचं काढलं की अजून लई वेळ आहे, घाई कशाला, एवढंच. पाहुणे आले की मात्र मला बाहेर बोलवायचे, विचारा म्हणायचे आमच्या सुनेला काहीही. दारात आलेल्या नंदीबैलाला लोक विचारतात तसे पाहुणे विचारायचे आणि मी हातात ट्रे धरून उत्तरं द्यायची. शेवटी मामांनी नवीन अट काढली. माझ्या मित्रांसमोर हरव, मग मानतो.

मित्रांना कधी बोलवायचं ते त्यांनीच ठरवलं. तो रविवार नेमका फॉर्मचा शेवटचा दिवस निघाला. पण म्हटलं, वेबसाइट रात्री बारापर्यंत चालू असते, नेट कॅफेवाल्याला सांगून ठेवू.

सोफ्यावर मामांचे मित्र बसले, सगळे रिटायर मास्तर. आणि मी मामांना सोललं. दुसरा शब्द नाही. त्यांचे प्रश्न संपायच्या आत उत्तरं दिली. माझ्या प्रश्नाला ते अडले, कपाळ चोळायला लागले, तेव्हा मी मुद्दाम म्हणाले की सावकाश आठवा मामा, एवढं तर मुदखेडच्या पोरीलाही येतं. मित्र मांडीवर थापा मारून हसले. मामांचे कान लाल झालेले मी डोळे भरून बघितले. मजा आली, खोटं कशाला बोलू.

"हरलो," मामा म्हणाले. मी सगळ्यांसमोर हात पुढं केला.

"किल्ली तुझ्या सासूजवळ राहिली गं," ते शांतपणे म्हणाले. सासूबाई त्या दिवशी पहाटेच भजनी मंडळाबरोबर तिरुपतीला गेल्या होत्या. त्यांना गाडीत बसवून आले होते मामाच. "ती आली की घे. शब्द म्हणजे शब्द."

मित्रांनी माना डोलावल्या, सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी नवऱ्याकडं बघितलं. तो मोबाइलमधून मान वर काढेना. माझं डोकंच फिरलं. अजून लई वेळ आहे म्हणणाऱ्या ह्या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचंच, असं ठरवून मी म्हणाले, "मामा, एक शेवटचा प्रश्न. माझ्या फॉर्मची शेवटची तारीख कोणती?"

त्यांनी कपाळ चोळलं नाही. आठवावंही लागलं नाही.

"आजची," ते म्हणाले. "रात्री बारापर्यंत."

मित्रांनी टाळ्या वाजवल्या. सरांची स्मरणशक्ती अजून तल्लख आहे, असं त्यांच्यातला एक म्हणाला आणि माझ्याकडं वळून विचारलं, बरोबर आहे का उत्तर.

मी म्हणाले, बरोबर आहे.