जनाबियातल्या पाच शमी

गेल्या दसऱ्याला, सकाळी साडेसात ते साडेआठ या तासाभरात, जनाबियातल्या आपल्या कंपाउंडमध्ये एका माणसावर अन्याय झाला. तो माणूस म्हणजे आपले एसी सांभाळणारे, मागच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये राहणारे काका. अन्याय करणारे आपण. पत्रक मी काढलं होतं, तेव्हा पहिलं नाव माझं.

"पानी नोको टाकू वं," हे काकांचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी बाटली घेऊन त्यांच्या रोपांवर दया करायला गेले होते. अकोल्याचे काका वाळूत उकिडवे बसलेले. "तिची मुळी पानी शोधत खाली जाऊन राह्यली. तू वरूनच देशील त कायले जाईल ती?"

रोपं शमीची. इथले लोक तिला घाफ म्हणतात. ती बहारीनच्या या वाळवंटाचीच आहे, आपल्यासारखी व्हिसावर आलेली नाही. भिंतीमागच्या पट्ट्यात काकांनी पाच वाढवल्या. बी भिजायचं ड्यूटीच्या थर्मासमध्ये, गरम पाण्यात. एकदा नागपूरच्या सुपरवायझरनं चहा समजून ते कपात ओतून घेतलं. काका म्हणाले, "प्या साहेब, पोटात सावली पडंन."

पट्ट्यात लावण्याआधीच्या कुंड्या म्हणजे जाड पाइपचे उरलेले हातभर तुकडे, कारण मुळी लांब. वर्षभर वर दोन-चार पानंच. शेजारच्या विलातला मुलगा रोज बघून सांगायचा, "अंकल, इट्स डेड."

"मेलं नाही रे बाप्पा. खाली ड्यूटीवर हाय."

तीन वर्षांत झाडं कमरेला आली आणि मला राहवेना. मी पत्रक काढलं: 'बहारीनमध्ये शमी! दसऱ्याला भेटायला या.' काकांनी ते दोनदा वाचलं. "भेटाले म्हनजे काय, हे नाही लिहिलं तू." मी हसले.

तुम्ही आलात. नऊवारी, कुर्ते, पूजेची ताटं. काहींच्या पर्समध्ये कात्र्या. आपटा इथं मिळत नाही, म्हणून सोनं वाटायला शमी ओरबाडली. झिंजहून आलेल्या एका मावशींना काटा लागला, तर त्यांनी तक्रार काकांकडेच केली. काकांनी बँडेड आणून दिली. साडेआठला पाच काठ्या उरल्या होत्या.

काका बौद्ध. त्यांच्यासाठीही तो मोठा दिवस. पांढरा शर्ट घालून ते तुम्हाला खुर्च्या देत फिरत होते. मला रडू आलं, तर मलाच म्हणाले, "पूजा तुमची, झाड कोनाचंच नाही. मुळी खाली हाय. पालवी यीन परत."

आली. डिसेंबरात प्रत्येक काठीला बारीक हिरवं फुटलं. काका मला ओढत घेऊन गेले, आणि त्या मुलालाही. "सांग आता, डेड हाय का?" मुलगा ओशाळून हसला.

पण कंपाउंडच्या मॅनेजरनं दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी काठ्यांचे फोटो मालकांकडे पाठवले होते. ठरलं: झाडं मेली, खलास, उन्हाळा सरला की पट्ट्यात फरशी. हिरवं दाखवायला मी त्याला दोनदा घेऊन गेले. तो म्हणाला, "रहिवाशांचं पत्र आणा, मग बघू."

जूनमध्ये काकांचा व्हिसा संपला. विमानतळाच्या गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाले, "फरशीचं पाहजो. पन लोकायले लाजवू नोको वं. चांगले हायेत, फक्त घाईत असतात."

काका गेले. क्वार्टर्समध्ये आता दुसरा एसीवाला राहतो, तो रोपांना रोज बादलीभर पाणी घालतो आणि मी रोज त्याच्याशी भांडते.

फरशीवाले रविवारी येणार आहेत. काका, माफ करा, मी लाजवणारच. पानं कुणाकुणाच्या ताटात गेली ते मी पाहिलं आहे. पत्र गेटवर वॉचमनच्या टेबलावर ठेवलं आहे, पहिली सही माझी आहे. आज ऑफिसातून येताना गाडी थांबवा, खाली उतरा आणि तुमची सही करा.