जाळीतली मोहरी

डिशवॉशरच्या तळाची जाळी काढली, तर बोटांना आधी मोहरीच लागली. मग कढीपत्ता, जिरं, टोमॅटोची सालं. हे मशीन बनवणाऱ्यांच्या घरी फोडणी होत नसावी. आता ते म्हातारं झालंय, त्याला कडक रसायनं सोसत नाहीत. म्हणून वरच्या कप्प्यात व्हिनेगरची वाटी ठेवून ते रिकामंच फिरवायचं, मग तळाला खायचा सोडा भुरभुरायचा आणि जुन्या टूथब्रशने रबराच्या खाचा घासत बसायचं. रविवारची अख्खी दुपार त्यात जाते. ताटातलं खरकटं आधी काढा, हे घरात सांगून सांगून माझी जीभ झिजली. खाचा मात्र भरलेल्याच.

घरालाही असाच एक तळ असावा. सगळ्यांचं उरलंसुरलं तिथे साचतं, आणि तिथे हात घालणारं माणूस ठरलेलं असतं.

संध्याकाळी शेजारचे काका आले. नवरा कौतुकाने मशीन उघडून दाखवत म्हणाला, "बघा काका, वास म्हणून नाही. आमच्याकडे भांड्यांची कटकटच नाही, सगळं आपोआप होतं."

मी चहाचे कप पुढे केले. नखाखाली अडकलेली मोहरी अजून सलत होती.