तीर्थ म्हणून दिलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आईच्या शेवटच्या वर्षात रोज सकाळी मी तिच्या तळहातावर तीर्थ म्हणून जे घातलं, ते तीर्थ नव्हतं. माठातलं पाणी होतं. वर तुळशीचं पान टाकलेलं.

आईचं सगळं आयुष्य कुरुंद्यात गेलं, हळदीच्या वावरात आणि देव्हाऱ्यापुढं. पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला वसमतला माझ्या घरी आणलं. सोबत देव आले. पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले खंडोबा आणि भवानीचे टाक. पिढ्यान्‌पिढ्या धुऊन पुसून टाकांवरचे नाक-डोळे सपाट झालेले.

आईचा नेम एकच होता. देवांना आंघोळ घालायची आणि त्या पाण्याचं तीर्थ घेतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, चहासुद्धा नाही. सून म्हणून घरात आली तेव्हापासून तो तिनं पाळला होता, बाळंतपणातले आणि सुतकातले दिवस सोडले तर. आता तिला उठता येत नव्हतं, म्हणून तिचा नेम माझ्या हातात आला. बायको दवाखान्यात नर्स आहे. ती आईचं अंग पुसून, स्वयंपाक करून पहाटेच निघायची. मी शिक्षक, माझी शाळा उशिरा भरायची. तेव्हा पूजा मी करायची, हे न बोलता ठरलं.

सुरुवातीला मी केली. पण मनातून नाही.

कारण मी वेदान्ताचा माणूस होतो. वसमतमधल्या एका हॉलमध्ये दर रविवारी आम्ही काहीजण बसायचो. आधी ऐकायला जायचो, मग शंकांना उत्तरं द्यायला लागलो, आणि हळूहळू बोलणारा मीच झालो. मी बरा बोलतो. आत्मा एकच आहे, पुजणारा आणि ज्याला पुजायचं तो वेगळे नाहीत, अंधारात दोरीला साप समजावं तसं हे सगळं वेगळेपण आहे, हे मला समजावून सांगता यायचं. एकदा मी म्हणालो, "ज्याला दोरी कळली, त्यानं रोज सकाळी सापाला दूध कशाला पाजायचं?" लोक हसले. पूजाअर्चेवरचा तो विनोद मी पुढे बऱ्याचदा केला. कर्मानं चित्त शुद्ध होतं आणि शुद्ध चित्ताला ज्ञान होतं, हेही मी सांगायचो. फक्त माझं चित्त शुद्ध झालेलं आहे हे मी माझं मीच ठरवून टाकलं होतं.

एकदा आईलाही समजावायला गेलो. म्हटलं, "आई, देव बाहेर नसतो. आतच असतो. तुझ्यात आहे, माझ्यात आहे."

"व्हय का?" आई म्हणाली. "मंग आतल्याला सकाळ-सकाळ चहा काहून लागतो? त्याला कपभर चहा पाजतूस, अन् भायेरच्याला तांब्याभर पाणी घालायला तुझा जीव जाऊन राहिला."

मी हसलो. हा किस्सा मी पुढच्या रविवारी सांगितला, साध्या माणसांची भाबडी श्रद्धा म्हणून. तेव्हाही लोक हसले.

खोटेपणाला सुरुवात झाली ती मात्र अडचणीतून. आईला साखरेचा आजार होता. एका सकाळी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी साखरेचं पाणी घेऊन धावलो तर तिनं ओठ घट्ट मिटले. "आधी देव," एवढंच म्हणाली. देव्हारा स्वयंपाकघरात, आईची खाट मधल्या खोलीत. तिला तिथून दिसत नव्हतं, फक्त ऐकू यायचं. मी आत गेलो, घंटी वाजवली, पळीभर पाणी आणून तिच्या हातावर घातलं. तिनं ते घेतलं, ओला हात डोळ्यांना आणि डोक्याला लावला, आणि मग साखरेचं पाणी प्याली.

त्या दिवशी केलं त्याची मला लाज वाटत नाही. लाज दुसऱ्या दिवसाची आहे. दुसऱ्या दिवशी आई ठणठणीत होती, माझ्याकडे वेळ होता, मी पेपर वाचत बसलो होतो. आतून आवाज आला, "देवाला पाणी घातलं का रे, बाबा?" मी पेपर बाजूला ठेवला, आत गेलो आणि घंटी वाजवली.

मग तेच सुरू झालं. पुढं पुढं तर मी नुसत्या घंटीवर थांबलो नाही. आईचे कान तिखट होते. म्हणून ताम्हनात धार धरून पाणी ओतायचो, आवाज व्हावा म्हणून, आणि ते मोरीत टाकून द्यायचो. ओठातल्या ओठात पुटपुटायचो. शेजारच्या चाची त्यांच्या अंगणातली जास्वंद रोज कंपाउंडवरून द्यायच्या, "अम्मा के देवां को डालो, आज बड़े फूल आए." ती फुलं वरूनच ठेवायचो. खरं सांगायचं तर या नाटकाला पूजेइतकाच वेळ जायला लागला. तरी देवांना मी हात लावला नाही. आळसानं सुरू झालेलं आता आळसाचं राहिलं नव्हतं. एकदा जरी मनापासून तो बाळकृष्ण धुतला असता, तर रविवारचा मी खोटा पडलो असतो, असं मला वाटायचं.

बायकोनं एकदा संध्याकाळी दिवा लावताना म्हटलंही, "देव कसे कोरडेठाक दिसून राहिले हो. गंधबी जुनंच वाटतंय."

"पुसून ठेवतो मी चांगले," मी म्हणालो. "अन् गंध पातळ झालं असेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दिवा लावला. खोटं बोलताना मी अडखळलो नाही, हे मला अजून आठवतं.

त्याच सुमारास माझी थोरली बहीण जवळा बाजारहून, तिच्या सासरच्या गावाहून आली. आईजवळ दोन दिवस राहिली, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, आईला माझ्याकडं दे. तुझ्या मागं शाळा, वहिनीच्या मागं दवाखाना. मी घरीच असते. देवबी संगं दे. मी करते सगळं बराबर, आईच्या खाटेजवळच देव्हारा मांडते, तिला दिसल असा."

तेव्हा 'हो' म्हटलं असतं तर सगळं सुटलं असतं. आईला तिची पूजा डोळ्यांनी बघता आली असती. पण मी म्हणालो, "अक्का, घरचे देव लेकीच्या घरी जात नसतात."

म्हणजे पूजा करायची वेळ आली की मला आत्मा एक दिसायचा, आणि देव सोडायची वेळ आली तेव्हा मला लेक आणि लेकाचं घर वेगळं दिसलं. कारण खरं वेगळंच होतं. आईला बहिणीकडे पाठवलं असतं तर रविवारची मंडळी काय म्हणाली असती? अक्कानं आपली पिशवी उचलली. रीत तिलाही माहीत होती. जाताना आईच्या कानाशी म्हणाली, "भाऊ लई करतो तुझं." आई म्हणाली, "करतो गं. एक दिवस चुकला न्हाई."

आई गेली त्या सकाळी अक्का घरी होती. आईला ऊर्ध्वश्वास लागला होता. अक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "भाऊ, पटकन देवाचं तीर्थ आण."

मी देव्हाऱ्यापुढं उभा राहिलो. हातात माठातून भरलेलं पंचपात्र. एक टाक उचलून त्या पाण्यात बुडवायचा, एवढंच करायचं होतं. कुणी बघत नव्हतं. ते पाणी खरं तीर्थ झालं असतं आणि आईच्या तोंडी निदान शेवटी तरी तिचं तीर्थ पडलं असतं. पण टाक बुडवला तर आधीचे सगळे दिवस खोटे होते हे माझं मलाच कबूल करावं लागणार होतं. माझा हात उचलला गेला नाही. मी त्या पाण्यात तुळशीचं पान टाकलं आणि तसंच नेऊन दिलं.

अक्कानं ते आईच्या ओठात सोडलं. थोडं गळ्याखाली गेलं, थोडं गालावरून ओघळलं, ते तिनं पदरानं टिपलं. उरलेलं तिनं स्वतः घेतलं आणि पळी माझ्यापुढं धरली, "तूबी घे." मी घेतलं. माझ्याच घरच्या माठातल्या पाण्यानं ओला झालेला हात आईसारखा डोळ्यांना आणि डोक्याला लावला.

वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमले होते. जेवणं झाल्यावर अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या भावानं आईला एक दिवस बिनतीर्थाचं जेवू दिलं न्हाई. असा लेक कुठं मिळतो आता?" मी मान खाली घातली. एक पाहुणे शेजारच्याला म्हणाले, "एवढं करून बी किती साधा माणूस."

मी त्यावर खूप विचार केला आहे, आणि विचार करण्यात मी पटाईत असल्यामुळे पळवाटाही खूप शोधल्या आहेत. पाणी ते पाणी. टाकाला लागलेलं आणि न लागलेलं, ज्ञानाच्या नजरेला त्यात फरक काय? पण मला खरोखरच फरक दिसत नसता, तर देव धुवायलाही माझी हरकत नसती. आणि हे मी आईला तोंडावर सांगितलं असतं: मी पूजा करत नाही, तू अक्काकडे जा. मी लपवलं, याचा अर्थ मला फरक चांगलाच दिसत होता. माझ्या विनोदांना हसणाऱ्या माणसांत मी ज्या आत्मज्ञानाबद्दल बोलायचो, त्यातला पहिला धडा स्वतःला बघण्याचा. तो मी घेतलाच नव्हता. मी कोण, याचं उत्तर मला पुस्तकातून सुंदर देता यायचं. घरातलं उत्तर वेगळं होतं: आईच्या खोलीबाहेर उभा राहून घंटी वाजवणारा माणूस.

रविवारी जाणं मी बंद केलं आहे. तब्येतीचं कारण सांगितलं, म्हणजे तेही खोटंच. हल्ली सकाळी देव धुतो. त्यानं काही फिटत नाही हे मला कळतं. ज्या बाईसाठी ते करायचं होतं ती ते आता घेणार नाही.

परवा अक्काचा फोन आला होता. गेलेल्या माणसाचा करतात तसा आईचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा म्हणत होती. "तुझ्याच हातानं बसव, तुझा हक्क हाय," म्हणाली. मी 'बघू' म्हणालो आणि फोन ठेवला.

जवळा बाजारला जाऊन, तिच्यासमोर बसून, "मी आईला साधं पाणी पाजलं आणि तरीही तिला तुझ्याकडे येऊ दिलं नाही," हे अक्काला सांगायचं माझं बाकी आहे. अजून सांगितलेलं नाही.