तोंड माझं

त्यांना मी एकदाच पाहिलं, नळदुर्गच्या एका ढाब्यावर. दुपारी टीव्हीवर जुना सिनेमा लागला होता. शेजारच्या बाजेवरचे म्हातारे गृहस्थ जेवता जेवता थांबले. सिनेमातल्या फौजदाराबरोबर त्यांचेही ओठ हलू लागले. तेच नाक, तीच हनुवटी. मी विचारलं, "हे तुम्हीच ना?"

"तोंड माझं. आवाज दुसऱ्याचा भरलाय. नाटकात माझा आवाज पार शेवटच्या रांगंला जायचा. पण सिनेमावाल्यांना आपली बोली चालली न्हाय."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"गावात पिच्चर दाखवला, तवा आईला म्होरं बसवलं हुतं. तिला दिसत न्हवतं. पिच्चर सपला तरी माझा हात धरून इचारत हुती, 'आरं, तू कवा येणार?'"